भातातला मायक्रोआरएनए यकृतापर्यंत पोहोचतो का? तपासायचे कसे आणि निकाल वाचायचा कसा

प्रश्न असा आहे: भातातले मायक्रोआरएनए पचनातून वाचून रक्तात उतरतात, यकृतातले एक जनुक दाबतात आणि त्यामुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढते असे वाचनात आले. हे खरे आहे का? आणि पदव्युत्तर प्रकल्प म्हणून दहा-बारा जणांच्या रक्तात ते स्वतः तपासायचे असेल तर काय काळजी घ्यावी?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. जेवणातल्या वनस्पतींचे मायक्रोआरएनए निरोगी माणसाच्या यकृतात पुरेशा संख्येने पोहोचून तिथले जनुक दाबतात, याला आज भक्कम पुरावा नाही. मूळ दावा गंभीर होता आणि नामवंत नियतकालिकात आला होता, पण स्वतंत्र गटांनी तपासल्यावर तो टिकला नाही. प्रकल्प मात्र जरूर करता येईल. फक्त ‘रक्तात सापडतो का’ एवढाच प्रश्न धरला तर तो फसेल, कारण पीसीआरची (रेणूच्या प्रती वाढवत नेऊन तो मोजणाऱ्या तंत्राची) आवर्तने पुरेशी वाढवली की काही ना काही सापडतेच. खरे प्रश्न दोन आहेत: सापडलेला रेणू ताटातून आला की प्रयोगशाळेच्या बेंचवरून, आणि तो आहे किती.

शब्दांचा एक घोळ आधी निस्तरू. ‘वनस्पतींचे आरएनए आपली जनुके बदलतात’ असे मथळे फिरतात. मायक्रोआरएनए डीएनएला हात लावत नाही. तो साधारण २१ ते २२ अक्षरांचा छोटा तुकडा असतो. पेशीत आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात तो बसतो आणि जुळणारा संदेशवाहक आरएनए सापडला की त्यापासून प्रथिन बनणे थांबवतो किंवा तो संदेश तोडायला लावतो. जनुक जागच्या जागी राहते, त्याचा आवाज कमी होतो. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत पहिला मायक्रोआरएनए सापडला आणि त्या कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. त्याच कृमीला दुपदरी आरएनए असलेले जिवाणू खाऊ घातले तर त्याची जनुके खरोखर दबतात. प्रयोगशाळांत ही रोजची पद्धत आहे. म्हणजे खाल्लेल्या आरएनएने जनुक दबणे निसर्गात अशक्य नाही. पण त्या कृमीकडे आत आलेल्या रेणूच्या प्रती वाढवणारे एन्झाइम आहे. माणसाकडे ती सोय नाही. बाहेरून शंभर आले तर शंभरच, आणि तेही कमी होत जाणारे.

आता मूळ दावा. चीनमधल्या नानजिंग विद्यापीठातल्या छेन-यू झांग यांच्या गटाने २०१२ साली ‘सेल रिसर्च’मध्ये लिहिले की चिनी लोकांच्या रक्तद्रवात वनस्पतींचे अनेक मायक्रोआरएनए सापडतात आणि त्यात तांदळात भरपूर असणारा एमआयआर१६८ए ठळक आहे. हा रेणू एलडीएलआरएपी१ या जनुकाच्या संदेशाला, त्याच्या चौथ्या एक्झॉनमध्ये (जनुकाच्या संदेशात उरणाऱ्या चौथ्या तुकड्यात), चिकटतो असे त्यांनी दाखवले. या जनुकाचे प्रथिन यकृताच्या पेशीला रक्तातले एलडीएल आत ओढायला मदत करते. ते कमी झाले की एलडीएल रक्तातच साठेल. उंदरांना तांदूळ खाऊ घातल्यावर काही दिवसांत एलडीएल वाढलेले त्यांना दिसले. साखळी दिसायला सलग होती: अन्न, रक्त, यकृत, जनुक, परिणाम.

या साखळीतली पहिली कमजोर कडी २०१३ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त समोर आली. डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना तांदूळ दिला, पण रक्तात आणि यकृतात वनस्पतींचे मायक्रोआरएनए दखल घेण्याइतके मिळाले नाहीत. नुसत्या तांदळावर ठेवलेल्या उंदरांचे एलडीएल मात्र वाढले. प्रथिने आणि इतर पोषक घटक जुळवून संतुलित केलेल्या तांदूळ-आहारावर ते वाढले नाही. म्हणजे वाढ झाली ती कुपोषणामुळे, मायक्रोआरएनएमुळे नव्हे. हे काम मोन्सँटो या बियाणे कंपनीच्या शास्त्रज्ञांचे होते, त्यामुळे हितसंबंधाचा आक्षेप घेतला गेला आणि तो घ्यायलाच हवा होता. पण त्याच वर्षी कंपनीशी संबंध नसलेल्या गटांनीही साधारण तेच सांगितले. जॉन्स हॉपकिन्समधल्या केन विटवर यांच्या गटाने माकडांना वनस्पतिजन्य पेय पाजून आधी आणि नंतर रक्त तपासले. जे थोडेफार संकेत मिळाले ते इतके क्षीण होते की ते पीसीआरने भलताच रेणू वाढवल्याचे वाटावेत.

एलडीएलआरएपी१ बद्दल आणखी एक गोष्ट या चर्चेत फारशी येत नाही, आणि माझ्या मते ती निर्णायक आहे. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर कोलेस्टेरॉल प्रचंड वाढवणारा एक आनुवंशिक आजार होतो. पण तो अप्रभावी प्रकारचा आहे. एकच प्रत बिघडलेल्या आई-वडिलांचे एलडीएल बहुधा सर्वसाधारण असते. जन्मभर निम्म्या प्रथिनावर ज्यांचे यकृत व्यवस्थित चालते, त्यांच्याकडे पाहता ताटातल्या भाताने ते प्रथिन थोडे कमी होऊन एलडीएल चढेल हे पटत नाही.

आता दूषितीकरण, म्हणजे कंटॅमिनेशन. तुमच्या प्रकल्पाचा जीव इथेच आहे म्हणून यावर थांबतो.

वनस्पतींच्या मायक्रोआरएनएच्या शेवटच्या अक्षरावर एक मिथाइल गट असतो. एचईएन१ नावाचे एन्झाइम तो लावते. प्राण्यांच्या मायक्रोआरएनएवर तो नसतो. या फरकाचा उपयोग करून सोडियम पीरिआयोडेटची चाचणी करतात. मिथाइल नसलेल्या आरएनएचे टोक पीरिआयोडेटने बिघडते आणि सीक्वेन्सिंगसाठी, म्हणजे अक्षरक्रम वाचण्यासाठी, लागणारा अडॅप्टर हा जोडतुकडा त्याला जोडता येत नाही. मिथाइल असलेला सहीसलामत राहतो. मूळ निबंधात याच चाचणीवरून ‘हे खरेच वनस्पतींचे आहेत’ असे म्हटले होते. ते बरोबरच होते. पण वनस्पतीचा आहे म्हणजे जेवणातून आला, हे त्यातून सिद्ध होत नाही. उरुग्वेतल्या तोसार आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की लायब्ररी, म्हणजे सीक्वेन्सिंगसाठीचा नमुना, बनवताना शेजारच्या वनस्पती-नमुन्यातून उडून आलेले आरएनएही पीरिआयोडेटला दाद देत नाहीत. त्यांनी पुढे जाऊन नानजिंगच्याच गटाचे २००९ चे अँफिऑक्ससवरचे सीक्वेन्सिंग उघडून पाहिले. अँफिऑक्सस हा वाळूत राहणारा छोटा समुद्री प्राणी. त्यातल्या वनस्पती-मायक्रोआरएनएंची यादी आणि नंतर माणसांच्या रक्तात सापडलेली यादी एकमेकींशी विलक्षण जुळली. समुद्रातला प्राणी भात खात नाही. दोघांत समान होती ती प्रयोगशाळा.

२०१७ मध्ये याहून मोठी मोजणी झाली. माणसांच्या ऊती आणि शरीरद्रवांचे ८२४ डेटासेट तपासले गेले. परके, म्हणजे इतर जीवांचे, मायक्रोआरएनए एकूण मानवी मायक्रोआरएनएच्या सरासरी ०.००१ टक्के निघाले. ते अन्नातून आले असते तर यकृतात जास्त आणि मेंदूत किंवा पाठीच्या कण्याच्या द्रवात कमी दिसायला हवे होते. तसा फरक दिसला नाही. शरीरद्रवांतले ८१ टक्के परके रेणू तर उंदीरवर्गीय प्राण्यांचे होते. माणसे उंदीर क्वचितच खातात, प्रयोगशाळा मात्र उंदरांवर काम करतात. एकाच अभ्यासातल्या नमुन्यांत एकच परका रेणू वरचढ दिसणे हीदेखील बॅचच्या दोषाची खूण आहे. तुमच्या निकालात असे काही दिसले तर उत्साहित न होता किटची बॅच बदलून पाहा.

हे रेणू येतात कुठून? पहिला स्रोत म्हणजे आरएनए काढण्याचे कॉलम, म्हणजे गाळणीसारख्या नळ्या. २०१८ मध्ये असे दाखवले गेले की कॉलममधून नुसते पाणी सोडले तरी परके छोटे आरएनए बाहेर पडतात. प्लाझ्मासारख्या (पेशी काढलेल्या रक्तद्रवासारख्या) आरएनए-गरीब नमुन्यात तेच मोठे दिसू लागतात. दुसरा, त्याच खोलीत चाललेले वनस्पतींचे काम. तिसरा, आणि विद्यार्थ्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारा, म्हणजे तुम्हीच मागवलेला कृत्रिम एमआयआर१६८ए. १०० मायक्रोमोलर स्टॉकच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ६०,००० अब्ज रेणू असतात. त्या नळीचे झाकण उघडताना उडालेला, डोळ्याला न दिसणारा थेंब पिपेटच्या दांड्यावर बसला की पुढचा महिनाभर प्रत्येक रक्तनमुन्यात तांदूळ ‘सापडत’ राहतो. म्हणून स्टॉक दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या पिपेटने, त्या दिवसाचे सर्व रक्तनमुने हाताळून झाल्यावर उघडायचा. रोजच्या स्टँडर्ड कर्व्हसाठी (माहीत असलेल्या प्रमाणांवरून मोजपट्टी बनवण्यासाठी) लागणारी सौम्य द्रावणे त्या खोलीतूनच तयार करून आणायची.

यावर एक चांगला तोडगा अक्षरक्रमातच आहे. तांदळाचा एमआयआर१६८ए आणि मोहरीवर्गातल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या आवडत्या रोपाचा एमआयआर१६८ए दोन्ही २१ अक्षरांचे आहेत. फरक फक्त दोन जागी: चौदाव्या स्थानी तांदळात ए, अरॅबिडॉप्सिसमध्ये जी, आणि एकविसाव्या स्थानी तांदळात सी, अरॅबिडॉप्सिसमध्ये ए. सोयाबीनचा क्रम अरॅबिडॉप्सिससारखा आहे. तुमच्या स्वयंसेवकांनी तीन दिवस फक्त भात आणि दूध-दही खाल्ले आणि सीक्वेन्सिंगमध्ये दुसरा क्रम जास्त निघाला, तर तो ताटातला नाही हे उघड आहे. स्टेम-लूप पीसीआर (छोट्या आरएनएसाठी वापरायची पीसीआरची पद्धत) दोन क्रमांतला मधला फरक नेहमी पकडत नाही, म्हणून निदान काही नमुन्यांचे उत्पादन सीक्वेन्स करून पाहा.

आता प्रत्यक्ष काम. माणसांचे रक्त घ्यायचे तर संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आणि लेखी संमती आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे लागेल. आहार ठरवून देणार असाल तर तो हस्तक्षेप अभ्यास होतो, तेव्हा सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी पहिला स्वयंसेवक घेण्याआधी करा. यात दोन-तीन महिने सहज जातात. प्रकल्पाच्या वेळापत्रकात ते धरा.

आहार ठरवताना ‘भात विरुद्ध उपास’ अशी तुलना करू नका. उपाशीपोटी आणि जेवल्यावर मानवी मायक्रोआरएनएही बदलतात आणि प्लाझ्मातली चरबी मोजणीत अडथळा आणते. एकाच माणसाला दोन आहार आलटून पालटून द्यावेत: एकात भात, दुसऱ्यात तेवढीच उष्मांके आणि प्रथिने देणारे, पण वनस्पतींचा आरएनए जवळजवळ नसलेले अन्न, उदाहरणार्थ शुद्ध स्टार्च, तूप, अंडी, दूध. मध्ये किमान आठवडाभर अंतर. रक्त जेवणाआधी, मग १, ३, ६ आणि २४ तासांनी. आणि खाल्लेल्या शिजलेल्या भातातले एमआयआर१६८ए आधी मोजून ठेवा. हा मुद्दा आश्चर्यकारक वाटावा इतक्या वेळा राहून जातो. पांढरा पॉलिश केलेला तांदूळ म्हणजे मुख्यतः स्टार्च. आरएनए जिथे जास्त असतो तो कोंडा आणि अंकुर गिरणीतच गेलेला असतो. त्यात कुकरमध्ये, १२० अंशांच्या आसपास, आरएनए तुटतो. काही मायक्रोआरएनए शिजवूनही थोडेफार टिकतात असे दिसले आहे, पण तुमच्या ताटात किती उरले हे तुम्हालाच मोजावे लागेल. ताटातच नसेल तर रक्तात नाही याला अर्थ नाही.

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या. हेपॅरिनची नळी चालणार नाही (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायने). हेपॅरिन आरएनएबरोबर उतरते आणि आरटी (आरएनएवरून डीएनए बनवण्याची पायरी) व पीसीआर दोन्ही अडवते. तासाभरात प्लाझ्मा वेगळा करा: ४ अंशांवर २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पट वेगाने फिरवून), १० मिनिटे, वरचा द्रव घ्या, तळाच्या थराला लागून अर्धा सेंटिमीटर सोडून द्या, मग तो द्रव १२,००० जीवर पुन्हा १० मिनिटे, म्हणजे प्लेटलेट्स खाली बसतील. रक्तपेशी फुटल्या असतील तर नमुना बाद. ४१४ नॅनोमीटरला शोषण ०.२ च्या वर गेले की संशय घ्या. आणखी चांगली चाचणी म्हणजे एमआयआर-२३ए चा सीटी उणे एमआयआर-४५१ए चा सीटी (सीटी म्हणजे पीसीआरमध्ये संकेत कितव्या आवर्तनाला दिसला तो आकडा; रेणू जास्त तर सीटी कमी): ५ पेक्षा कमी असेल तर ठीक, ७ च्या पुढे गेले तर रक्तपेशी फुटल्या आहेत. शेवटी २०० मायक्रोलिटरच्या वाट्यात भरून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदाच वितळवा.

स्पाइक-इन, म्हणजे ठरावीक प्रमाणात घातलेला परका आरएनए, बहुतेक जण कृमीचा सेल-एमआयआर-३९ वापरतात. तो प्लाझ्मात थेट घालू नका. रक्तातली रायबोन्युक्लिएझ, म्हणजे आरएनए तोडणारी एन्झाइमे, त्याला काही मिनिटांत खाऊन टाकतात आणि तुमचा रिकव्हरीचा, म्हणजे घातलेल्यातले किती परत मिळाले याचा, आकडा कोसळतो. आधी फिनॉल-ग्वानिडिनचे द्रावण घालून पाच मिनिटे ठेवा, मग स्पाइक-इन. (याच प्रयोगातून एक धडाही मिळतो: उघडा, कशातही न गुंडाळलेला मायक्रोआरएनए रक्तात तग धरत नाही. मग तो भातातला असो की बाटलीतला.)

रिकाम्या नियंत्रणांत काटकसर करू नका. पीसीआरमध्ये पाणी घालून एक रिकामी नळी ठेवली की झाले असे समजले जाते, पण तिला फक्त पीसीआरच्या मिश्रणातले दूषितीकरण कळते. प्लाझ्माऐवजी आरएनए-मुक्त पाणी घेऊन ते पहिल्या पायरीपासून, त्याच कॉलममधून, त्याच दिवशी न्यायला हवे. प्रत्येक दहा नमुन्यांमागे असे किमान दोन ब्लँक ठेवा आणि ते शेवटी न ठेवता मध्ये मध्ये पेरा. निकष आधी लिहून ठेवा: नमुन्याचा सीटी ब्लँकच्या सीटीपेक्षा किमान ३.३ ने कमी असेल, म्हणजे रेणू दसपट असतील, तरच ‘आढळला’ म्हणायचे. ब्लँक ३६ आणि नमुना ३५ असेल तर तो निकाल नव्हे, गोंगाट आहे. असे निकाल ‘क्षीण पण निश्चित’ म्हणून छापलेले दिसतात, आणि वाचकाने तिथे ब्लँकचा आकडा शोधायला हवा.

पीरिआयोडेट करायचे असेल तर पीएच ८.६ च्या बोरेट बफरमध्ये २५ मिलिमोलर, खोलीच्या तापमानाला, अंधारात ३० मिनिटे, मग ग्लिसरॉल घालून थांबवा. द्रावण त्याच दिवशी बनवलेले हवे. जुने पीरिआयोडेट काम करत नाही आणि मग सगळेच आरएनए ‘प्रतिरोधक’ दिसतात. म्हणून सोबत एखाद्या नेहमीच्या मानवी मायक्रोआरएनएचा सीटी पाहा. तो बराच चढला नाही तर अभिक्रिया झालीच नाही. ही चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही ते वर आलेच आहे.

आता संख्येकडे येऊ. हा हिशेब कागद-पेनने करता येतो आणि प्रयोगाआधी करायलाच हवा.

पेशीत एखाद्या मायक्रोआरएनएच्या साधारण शंभरेक प्रती असल्याशिवाय त्याचा संदेशावर दखल घेण्याजोगा दाब पडत नाही. यकृतात मुख्य पेशी सुमारे २०० अब्ज. प्रत्येकीत १०० म्हटले तर एकूण २०,००० अब्ज रेणू लागतील. म्हणजे ३३ पिकोमोल, वजनात ०.२३ मायक्रोग्रॅम. ऐकायला अगदी थोडे. आता पुरवठा पाहा. पॉलिशच्या भातात आरएनए कमी, म्हणून त्याऐवजी पालेभाजी घेऊ. एक ग्रॅम ताज्या कोवळ्या पालेभाजीत एकूण आरएनए साधारण अर्धा मिलिग्रॅम धरा. त्यात सगळे मायक्रोआरएनए मिळून ०.०१ टक्का, म्हणजे ५० नॅनोग्रॅम. त्यातला दहावा भाग आपल्याला हव्या असलेल्या एकाच मायक्रोआरएनएचा असे उदारपणे मानले तर ५ नॅनोग्रॅम. एकही रेणू वाया न जाता सगळे यकृताच्या पेशीत, तेही आर्गोनॉटमध्ये, जाऊन बसले तर ४६ ग्रॅम भाजी पुरे. पण हजारातला एक पोहोचला तर ४६ किलो लागेल. आणि हजारात एक हे प्रमाणही उदारच आहे: लाळेत रायबोन्युक्लिएझ, स्वादुपिंडाच्या रसात त्याहून जास्त, मग आतड्याची भिंत, मग रक्त, मग पेशीत शिरल्यावर एंडोसोमची पिशवी, जिच्यात आत आलेला रेणू अडकून राहतो.

त्या शेवटच्या पिशवीचे महत्त्व औषधांवरून कळते. इन्क्लिसिरान नावाचे औषध छोट्या आरएनएवरच चालते आणि एलडीएल जवळपास निम्मे करते. योगायोगाने विषय तोच आहे. ते २८४ मिलिग्रॅम, कातडीखाली टोचून देतात. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. त्याचे अक्षरन् अक्षर रासायनिक बदलांनी मजबूत केलेले आहे आणि यकृताच्या पेशीने ओळखावे म्हणून साखरेसारखी एक खूणही जोडलेली आहे. एवढे करूनही पेशीत शिरलेल्यापैकी जेमतेम एखादा टक्का एंडोसोममधून सुटतो. आपण वर काढलेल्या ०.२३ मायक्रोग्रॅमच्या तुलनेत हा डोस बारा लाख पट आहे. तो सहा महिने पुरतो हे खरे, तरी तोंडावाटे देण्याचे सोडून सुईच वापरावी लागली यावरून पचनमार्गाचा अडथळा केवढा आहे ते लक्षात येते.

मग या विषयात काहीच तथ्य नाही का? तसेही नाही. दोन-तीन धागे गांभीर्याने घेण्यासारखे आहेत.

चिनी औषधांत वापरल्या जाणाऱ्या हनीसकलच्या काढ्यात एमआयआर२९११ नावाचा एक रेणू उकळल्यावरही टिकतो. तो नेहमीसारखा मायक्रोआरएनए नाही, वनस्पतीच्या रायबोसोमच्या २६एस आरएनएचा तुकडा आहे. जी आणि सी अक्षरे जास्त असल्याने तो घट्ट आणि मुबलक असतो. २०१५ मध्ये नानजिंगच्या गटाने तो उंदरांत फ्लूच्या विषाणूंवर काम करतो असे मांडले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या केंडल हर्शी यांच्या गटानेही वनस्पती खाल्लेल्या उंदरांत हा रेणू मोजला. हे महत्त्वाचे, कारण ती दुसरी प्रयोगशाळा होती. २०२१ मध्ये नानजिंगच्याच गटाने जठराच्या भिंतीतल्या पेशींवरचे एसआयडीटी१ हे प्रथिन आम्लात आरएनए आत घेते असे उंदरांत दाखवले. खिडकी जठरात असेल तर स्वादुपिंडाच्या एन्झाइमांचा प्रश्न काही अंशी टळतो. कल्पना चांगली आहे. पण खिडकी सापडणे आणि त्यातून पुरेसे रेणू जाणे यात वरचा हिशेब उभाच आहे.

मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो तो आल्याचा धागा. लुईव्हिल विद्यापीठातल्या ह्वांग-गे झांग यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की आल्याच्या रसातले चरबीच्या आवरणातले सूक्ष्म कण आतड्यातला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जिवाणू आत घेतो, त्यातला एक आरएनए जिवाणूचे ‘वायसीएनई’ हे जनुक दाबतो, त्यामुळे जिवाणू इंडोलवर्गातले एक रसायन जास्त बनवतो आणि त्या रसायनाने उंदरांच्या आतड्याचा दाह कमी होतो. इथे आरएनएला रक्तात जावेच लागत नाही. लक्ष्य आतड्याच्या पोकळीतच आहे, अन्न तिथे सगळ्यात दाट असते आणि जिवाणूच्या मार्फत परिणाम वाढतो. अन्नातल्या आरएनएचा माणसावर काही परिणाम असेल तर तो या वाटेने असण्याची शक्यता मला जास्त वाटते. यावरून आल्याचा चहा प्यायल्याने तेच होईल असे मात्र म्हणता येत नाही. त्या प्रयोगात रस गाळून, १ लाख जीच्या वर अल्ट्रासेंट्रिफ्यूज करून, साखरेच्या थरांतून वेगळे केलेले कण दिले होते. ‘वनस्पती एक्झोसोम’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या कुपीवर कणांची संख्या आणि आरएनएचे प्रमाण छापलेले नसेल तर त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

एक सूचना संगणकावरच्या कामाबद्दल, कारण हळद, तुळस, शेवगा अशा वनस्पतींचे मायक्रोआरएनए आणि त्यांची मानवी ‘लक्ष्ये’ यांवर प्रबंध भराभर होतात. लक्ष्य ओळखताना मुख्य भार असतो मायक्रोआरएनएच्या सुरुवातीजवळच्या सात अक्षरांच्या बीज-भागावर. सात अक्षरांचा कोणताही क्रम निव्वळ योगायोगाने दर १६,३८४ अक्षरांमागे एकदा येतो. मानवी संदेशांचे फक्त शेवटचे, प्रथिन न बनवणारे भाग धरले तरी दोन-तीन कोटी अक्षरे होतात. म्हणजे कोणत्याही मायक्रोआरएनएला, अगदी मनाने रचलेल्यालाही, हजार-दीड हजार लक्ष्ये मिळतील. त्यातून कर्करोगाशी संबंधित जनुके वेगळी काढली की यादी भारदस्त दिसते. असे काम करायचेच असेल तर अक्षरे पिसून बनवलेले शंभर खोटे मायक्रोआरएनए त्याच प्रोग्रॅममधून काढा आणि खऱ्याला त्यांच्यापेक्षा जास्त लक्ष्ये मिळाली का ते दाखवा. पेशीत ५० नॅनोमोलर कृत्रिम मायक्रोआरएनए घालून ल्युसिफरेज (जनुकाचा आवाज प्रकाशावरून मोजण्यासाठी जोडलेले प्रथिन) कमी झाले यावरही विसंबू नका. तेवढ्या डोसने पेशीत हजारो प्रती भरतात. जेवणातून एक आली तरी पुष्कळ.

शेवटी, दहा-बारा जणांच्या प्रकल्पात बहुधा ‘आढळला नाही’ असाच निकाल येईल. तो नापास निकाल नाही, पण तो मर्यादेसह लिहावा लागतो. नमुना हिशेब देतो. २०० मायक्रोलिटर प्लाझ्मातून आरएनए ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवला, त्यातले ५ आरटीत घातले, आरटीच्या १५ मायक्रोलिटरपैकी दीड पीसीआरमध्ये गेले. म्हणजे पीसीआरच्या नळीने प्रत्यक्षात पाहिला फक्त २ मायक्रोलिटर प्लाझ्मा. स्टँडर्ड कर्व्ह १० प्रतींपर्यंत सरळ येत असेल आणि स्पाइक-इनची रिकव्हरी ५० टक्के असेल, तर तुमची शोधमर्यादा दर मिलिलिटरला १०,००० प्रती. माणसाचा प्लाझ्मा ३ लिटर धरला तर ‘आढळला नाही’ याचा अर्थ पूर्ण रक्तात ३ कोटींपेक्षा कमी प्रती. यकृताला हवेत २०,००० अब्ज. रक्तातला हा सगळा साठा दर मिनिटाला यकृताने उचलला आणि तेवढाच पुन्हा भरला गेला असे मानले तरी दिवसभरात ४३ अब्ज होतात, गरजेच्या साडेचारशे पट कमी. यावर एक रास्त आक्षेप येईल: जठर-आतड्यातले रक्त पोर्टल शिरेने आधी यकृतात जाते, मग हाताच्या शिरेत मोजलेले कमीच दिसणार. त्याला उत्तर माणसांवरच्या प्रकल्पात मिळत नाही. त्यासाठी प्राण्यांत पोर्टल शिरेतून रक्त घ्यावे लागते आणि तांदूळ जड कार्बन किंवा नायट्रोजनच्या समस्थानिकांवर वाढवावा लागतो, म्हणजे यकृतात सापडलेला प्रत्येक रेणू ताटातला की बेंचवरचा हे वस्तुमानावरूनच ठरेल. प्रबंधाच्या ‘मर्यादा’ या प्रकरणात हा परिच्छेद तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी भरून घाला, आणि ब्लँकचे सर्व सीटी तक्त्यात नमुन्यांच्या शेजारच्या रकान्यात छापा.